चौघांत मिळून फिफ्थ-व्हीलची देखभाल: काय, कसं आणि कुठे थांबायचं

फिफ्थ-व्हील म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यातल्या हिचला जोडून ओढायचा, राहण्याची सोय असलेला मोठा ट्रेलर. शेजारी उभ्या असलेल्या दोन फिफ्थ-व्हील गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या असतात. एकीखाली ६,००० पौंड पेलणारे ॲक्सल, दुसरीखाली ७,००० चे. बाहेरून फरक दिसत नाही. एकीचं बाहेरचं बेअरिंग दुसरीत बसत नाही. म्हणून ‘माझ्या गाडीला हेच चाललं, तूही हेच टाक’ हा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी ॲक्सलचं रेटिंग, वर्ष आणि पार्ट नंबर सोबत नसेल तर तो ऐकून सोडून द्यायचा. अमेरिकेत आणि कॅनडात या गाड्यांचे मालक कॅम्पग्राउंडवर, स्टोरेज यार्डात किंवा कुणाच्या शेतावर जमून एकमेकांची कामं करतात. अशा गटाची सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे एक जाड वही.

वहीत प्रत्येक गाडीला दोन पानं द्या. पहिल्या पानावर १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक), ॲक्सलवरच्या पट्टीवरचा नंबर आणि रेटिंग, टायरचा साइझ व लोड रेंज, टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, पाणी तापवायच्या टाकीचा ब्रँड, स्लाइडचा (बाजूने बाहेर सरकणाऱ्या खोलीचा) प्रकार, छताचं मटेरियल. दुसऱ्या पानावर तारीख, मैल, काय उघडलं, काय बदललं, कोणी तपासलं. डॉट कोडमध्ये २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातला. ट्रेलरचे टायर नक्षी झिजून क्वचितच जातात, वयानेच जातात. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी नवी दिसली तरी ते बदलायचे. व्हीआयएन लिहिलेला असला की कोणी तरी एक जण वर्षातून दोनदा बसून सगळ्यांचे रिकॉल (दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावलेल्या गाड्या) एनएचटीएसए या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेच्या साइटवर पाहू शकतो. कॅनडातल्या गाड्यांचे रिकॉल ट्रान्सपोर्ट कॅनडाकडे पाहायचे.

सामायिक पेटी आणि जागा

प्रत्येकाने विकत घ्यावीत अशी हत्यारं वेगळी आणि गटात एकच पुरेल अशी वेगळी. टायर प्रेशर गेज, लग नटचा सॉकेट, टॉर्क रेंच आणि चाकाचे ठोकळे प्रत्येकाच्या गाडीत हवेतच, कारण रस्त्यात गट सोबत नसतो. सामायिक पेटीत १२ टनी बॉटल जॅक, जॅक स्टँडच्या दोन जोड्या, बेअरिंग पॅकर, हाताची ग्रीस गन, सील (हबमधलं ग्रीस अडवणारी कडी) बसवायचा ठोकळा, क्लॅम्प मीटर (डीसी मोजणारा, नुसता एसी मोजणारा इथे निरुपयोगी), इन्फ्रारेड थर्मामीटर, रेग्युलेटर असलेला एअर कॉम्प्रेसर आणि भिंतीतला ओलावा मोजायचा मीटर एवढं असलं की बहुतेक कामं होतात.

जागा ठरवण्याआधी कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी चाक काढायला किंवा गाडी धुवायलाही मनाई असते, आणि एका गटाने सांडलेल्या ग्रीसमुळे पुढच्या सगळ्यांची परवानगी जाते. जमीन पक्की आणि सपाट हवी. खडीवर काम करावंच लागलं तर जॅक आणि स्टँडखाली जाड लाकडी फळी ठेवा.

बेअरिंगचा दिवस

मिळून करण्याचं खरं काम हेच. डेक्स्टर कंपनी आपल्या ॲक्सलसाठी १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल तेव्हा, बेअरिंग धुऊन तपासून नव्याने ग्रीस करायला सांगते. दोन ॲक्सलच्या गाडीला चार हब (चाकाचे मधले भाग, ज्यांत बेअरिंग बसतात), तीन ॲक्सलच्या गाडीला सहा. एका दिवसात दोनच गाड्या घ्या. तिसरी गाडी संध्याकाळी घाईत होते, आणि कॉटर पिन (नट फिरू न देणारी खीळ) विसरतात ती त्याच गाडीत.

ट्रेलर ट्रकला जोडलेलाच ठेवा, ट्रकचा हँडब्रेक ओढा, ज्या बाजूला काम नाही तिथल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जॅक चॅसीच्या लोखंडी रेलवर, स्प्रिंगच्या हँगरजवळ लावायचा. ॲक्सलच्या नळीखाली कधीही नाही. नळी किंचित जरी वाकली तरी चाकांचं अलाइनमेंट जातं आणि टायर एका कडेने खाल्ले जातात. लँडिंग लेग (ट्रेलरचे पुढचे पाय) किंवा लेव्हलिंग जॅकने गाडी उचलून चाक काढायचा मोहही टाळा, कारण ते त्या कामासाठी नाहीत. गाडी उचलली की लगेच स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी हात घालू नये.

गटात काम करताना एक घोटाळा हमखास होतो: सुटे भाग एकमेकांत मिसळतात. बेअरिंगचा रोलर असलेला भाग आणि हबमध्ये ठोकून बसवलेली त्याची कडी, म्हणजे रेस, एकमेकांसोबत झिजलेल्या असतात. एका चाकाचा रोलर दुसऱ्याच्या रेसमध्ये गेला तर तो लवकर खराब होतो. म्हणून प्रत्येक हबला एक ट्रे, ट्रेवर गाडीचं नाव आणि ‘डावं पुढचं’ अशी चिठ्ठी. एक ट्रे रिकामा झाल्याशिवाय दुसरा हब उघडायचा नाही.

बेअरिंग मिनरल स्पिरिटमध्ये ब्रशने धुवा आणि कापडाने पुसून वाळू द्या. कॉम्प्रेसरच्या हवेने ती गरगर फिरवून वाळवायची सवय काहींना असते; आवाज छान येतो, पण कोरडे रोलर ओरखडे घेतात आणि पिंजरा तुटून रोलर उडालाच तर डोळा जातो. मग उजेडात पाहा. निळसर झाक म्हणजे बेअरिंग तापलं होतं. रोलरवर किंवा रेसवर बारीक खड्डे दिसले, नख अडकलं, तर बेअरिंग आणि रेस दोन्ही बदला. ७,००० पौंडांच्या नेहमीच्या ॲक्सलला आत २५५८० आणि बाहेर १४१२५ए असे नंबर सहसा सापडतात. पण मागवण्याआधी बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचून वहीत उतरवा, आठवणीवर जाऊ नका.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ या घट्टपणाच्या दर्जाचं. जुनं ग्रीस कोणतं होतं हे माहीत नसेल तर हबच्या पोकळीतलं सगळं पुसून काढा. वेगवेगळ्या प्रकारची ग्रीस मिसळली की काही वेळा ती पातळ होऊन सीलमधून बाहेर येतात. बेअरिंगमध्ये ग्रीस रुंद बाजूने दाबायचं, ते रोलरच्या फटींतून अरुंद बाजूला वर येईपर्यंत. सील दर वेळी नवीन. काढताना जुना वाकतोच, त्यामुळे तो परत बसवणं म्हणजे गळती विकत घेणं. चार हबला पाच सील आणा, एखादा ठोकताना तिरका होतो.

हब परत चढवल्यावर स्पिंडलच्या, म्हणजे ॲक्सलच्या टोकाच्या, नटाचं प्रकरण येतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात. हब सावकाश फिरवत नट साधारण ५० फूट-पौंडांपर्यंत आवळा. त्याने बेअरिंग जागेवर बसतं. आता हब न हलवता नट पूर्ण सैल करा आणि पुन्हा फक्त बोटांनी, टेकेपर्यंत फिरवा. नटाची खाच कॉटर पिनच्या भोकासमोर नसेल तर अगदी थोडं मागे घ्या, पुढे आवळू नका. नवीन कॉटर पिन घाला किंवा नटावरचं रिटेनर नीट बसवा. ५० वर आवळून तसंच सोडलेलं बेअरिंग पहिल्या लांब प्रवासात जळतं. चाक चढवल्यावर टायर वर-खाली धरून हलवा. जाणवेल न जाणवेल इतका खेळ ठीक, खडखड नको.

इथे गटाचा एक नियम पाळायचाच: ज्याने हब बंद केला त्याने धुळीची टोपी ठोकायची नाही. दुसऱ्याने कॉटर पिन डोळ्यांनी पाहायची, वहीत आपलं नाव लिहायचं, मग टोपी तोच ठोकेल.

ज्या ॲक्सलच्या टोपीत ग्रीसचं निप्पल असतं, ते ईझी-ल्यूब प्रकारचे, त्यांच्या मालकांना वाटतं की हे सगळं टळलं. टळत नाही. निप्पलमधून ग्रीस भरता येतं. बेअरिंग पाहता येत नाही. आणि एअर गनने, चाक न फिरवता ग्रीस कोंबलं तर ते मागच्या सीलमधून थेट ब्रेकवर येतं. ग्रीस प्यायलेले ब्रेक शू धुऊन परत चांगले होत नाहीत, ते बदलायचे, आणि त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूचेही सोबत. निप्पल वापरायचंच तर चाक जमिनीवरून उचलून, सावकाश फिरवत, हाताच्या गनने.

ब्रेक आणि नट

ड्रम उघडलेच आहेत तर विजेवर चालणाऱ्या ब्रेकचं मॅग्नेट पाहा. त्याच्या तोंडावरच्या खुणा झिजून गेल्या असतील किंवा आतली तांब्याची तार दिसत असेल तर तो संपला. नेहमीच्या १० आणि १२ इंची ब्रेकच्या मॅग्नेटचा रेझिस्टन्स ३.२ ओहमच्या आसपास असतो आणि तो सुमारे ३ अँपिअर ओढतो. म्हणून दोन ॲक्सलच्या गाडीत, ब्रेक पूर्ण दाबल्यावर, ब्रेकच्या निळ्या वायरवर क्लॅम्प मीटर साधारण १२ अँपिअर दाखवतो. ९ दाखवला तर एक चाक ब्रेक करत नाही. मॅग्नेट चांगला निघाला तर वायर शोधा: ॲक्सलच्या नळीतून एका बाजूकडून दुसरीकडे जाणारी वायर आत घासून तुटणं हा या गाड्यांचा जुना रोग आहे. ही तपासणी एकट्याने होत नाही. एक जण ट्रकमध्ये कंट्रोलर दाबून बसतो, दुसरा मीटर धरतो.

स्वतःहून ॲडजस्ट न होणारे ब्रेक असतील तर मागच्या खाचेतून ताराचक्र (शू आवळणारं दातेरी चाक) फिरवून चाक जड होईपर्यंत आवळा, मग उलट फिरवून चाक मोकळं फिरेल पण शू हलकासा घासल्याचा आवाज येईल इथवर सोडा.

चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, तीन टप्प्यांत. अर्ध्या इंची स्टडसाठी शेवटचा आकडा ९० ते १२० फूट-पौंड असतो. जाड स्टड असतील तर जास्त लागतो, तो मॅन्युअलमधून वहीत लिहून ठेवा. इम्पॅक्ट गनने नट फक्त काढायचे. परत निघाल्यावर १०, २५ आणि ५० मैलांनी पुन्हा टॉर्क तपासायचा. ताफ्याने निघाला असाल तर या तीन थांब्यांसाठी जागा आधीच ठरवा, कारण एकटा माणूस दुसऱ्या थांब्यानंतर कंटाळतो. त्याच थांब्यांवर थर्मामीटरने चारही हब मोजा. उन्हाच्या बाजूचे थोडे जास्त गरम असतातच. त्याच बाजूचा एकच हब शेजाऱ्यापेक्षा ठळकपणे गरम लागला तर पुढे जाऊ नका.

चाकं निघालेली असताना स्प्रिंगच्या कड्या आणि बोल्टही पाहून घ्या. कारखान्यातून बऱ्याच गाड्यांना प्लास्टिकचे बुश येतात. ते झिजले की बोल्ट कडीचं भोक लांबट करतो. भोक अंडाकृती दिसलं तर कड्या, ब्राँझचे बुश आणि ग्रीस घालता येणारे बोल्ट असा पूर्ण संच घाला. तेवढ्यासाठी गाडी परत कोणी उचलत नाही.

जोडणं आणि सोडणं

हिचवर मदतीला तीन जण उभे राहिले तर धोका वाढतो. हातवारे एकानेच करायचे, बाकीच्यांनी दूर राहायचं आणि जोडणाऱ्याशी गप्पा मारायच्या नाहीत. टेलगेट वाकणं आणि ट्रेलर ट्रकच्या कडांवर पडणं, हे दोन्ही बहुधा कोणी तरी मध्येच काही विचारल्यावर घडतं.

ट्रेलरची उंची अशी ठेवा की हिचची प्लेट मागे येताना पिनबॉक्सला (ट्रेलरच्या पुढच्या, खाली किंगपिन असलेल्या भागाला) किंचित वर उचलेल, साधारण अर्धा इंच. ट्रेलर जास्त वर असला तर किंगपिनचा तळाचा फुगीर भाग जबड्यांच्या वर राहतो. हँडल बंद झाल्यासारखं दिसतं आणि पहिल्या उतारावर पिन निघते. म्हणून टॉर्च घेऊन वाकून पाहा: प्लेट प्लेटला टेकलेली हवी, फट नको, जबडे पिनभोवती बंद हवेत. मग लँडिंग लेग जमिनीपासून जेमतेम इंचभर वर घेऊन, ठोकळे तसेच ठेवून, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून ट्रक हळू पुढे ओढा. पिन सुटणारच असेल तर ती इथे सुटू दे, लँडिंग लेग खालीच आहेत.

ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) दोरी ट्रकला बांधा, हिचच्या हँडलला नाही. महिन्यातून एकदा तिची पिन ओढून ट्रेलरचे ब्रेक लागतात का ते पाहा. प्लग काढून पाहा, नाहीतर ट्रकची वीज मदत करते आणि ट्रेलरची मेलेली बॅटरी कळत नाही. हिचच्या प्लेटवर प्लास्टिकची चकती लावली असेल तर प्लेटला ग्रीस लागत नाही, जबड्यांना मात्र थोडं लागतं.

वजन

हे काम कोणी करत नाही आणि सगळ्यांनी करायला हवं. पिनवर ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा येतो. भरलेला ट्रेलर १४,००० पौंड असेल तर पिनवर २,८०० च्या आसपास. ट्रकच्या दारावरच्या पट्टीवर पेलोड (ट्रकवर घालता येणारं वजन) ३,२०० लिहिला असेल तर उरले ४००. त्यात हिचचे दीडदोनशे, दोन माणसं आणि मागच्या सीटवरचं सामान बसवून बघा, बसत नाही.

महामार्गावरच्या ट्रकस्टॉपवर कॅट स्केल हा वजनकाटा असतो, तीन प्लॅटफॉर्मचा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल वेगवेगळे येतात. एकदा जोडून, एकदा नुसता ट्रक तोलायचा. ट्रकच्या दोन ॲक्सलची बेरीज जोडलेली असताना जितकी जास्त आली तितकं पिनचं वजन. पण एका बाजूला किचन आणि स्लाइड असलेल्या गाडीत एक टायर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त भार घेतो, आणि कॅट स्केलला ते कळत नाही. १९७८ साली सुरू झालेला एस्केपीज हा अशा गाड्यांच्या मालकांचा क्लब टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन इथे एकेक चाक तोलून देतो. त्या बाजूला जाणं झालं तर चुकवू नका. चाकाचं वजन वहीत आलं की टायरचं प्रेशर अंदाजाने ठरवावं लागत नाही. तोवर पट्टीवर लिहिलेलं थंड टायरचं प्रेशर ठेवा आणि तापलेल्या टायरमधून हवा सोडू नका.

छत, पाणी, वीज

छतावर एक जण, शिडी धरून एक जण. वर्षातून किमान दोनदा. सांध्यांवरच्या सीलंटला भेग, सुटलेली कड, व्हेंटभोवतीची पोकळी शोधा. आडव्या जागी स्वतः पसरणारं लॅप सीलंट, उभ्या कडांना न ओघळणारं. साधं सिलिकॉन लावू नका: ते सुटतं आणि त्यावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. ईपीडीएम रबराच्या छताला पेट्रोलियम असलेला क्लीनर लावला तर रबर फुगतं. छत पाहणारा खाली उतरण्याआधी दुसऱ्याने आतल्या कोपऱ्यांना ओलाव्याचा मीटर लावून घ्यावा, म्हणजे आकडे आणि वरची भेग यांची लगेच सांगड घालता येते.

स्लाइड चालवताना एक जण बटणावर, एक बाहेर. बॅटरी अर्धमेली असताना स्लाइड चालवू नका. भिंतीतल्या दोन मोटरींच्या प्रकारात दोन्हींचा मेळ सुटतो आणि स्लाइड तिरकी अडकते. त्या प्रकारात मोटर आपोआप थांबेपर्यंत बटण सोडायचं नाही.

पाण्याच्या टाकीचं निर्जंतुकीकरण वसंतात सगळ्यांचं एकाच दिवशी करता येतं: दर १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच, आधी गॅलनभर पाण्यात मिसळून. ६० गॅलनच्या टाकीला एक कप. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास ठेवा, मग धुऊन काढा. पाणी तापवायचा हीटर स्टीलच्या टाकीचा असेल, जसा सबर्बनचा, तर त्याचा ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी दांडी) काढून पाहा. तीन चतुर्थांश खाल्ला गेला असेल तर नवीन. सॉकेट १ १⁄१६ इंची लागतो. ॲटवुडच्या ॲल्युमिनियमच्या टाकीला रॉड नसतो, घालूही नका. प्लग उघडण्याआधी विजेचा हीटर आणि गॅस दोन्ही बंद, पाणी थंड, प्रेशर सोडलेलं. रिकाम्या टाकीत विजेचं एलिमेंट सुरू राहिलं तर ते काही क्षणांत जळतं.

हिवाळ्यासाठी हीटर आधी बायपास करा, नाहीतर सहा ते बारा गॅलन गुलाबी अँटीफ्रीझ त्याच्यातच जाईल. बायपास केल्यावर दोन-तीन गॅलन पुरतात. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच हवं. मोटारीच्या रेडिएटरमधलं विषारी असतं. आधी हवेने लाइन मोकळी करणार असाल तर ४० पीएसआयच्या वर जाऊ नका आणि एका वेळी एकच नळ उघडा. वसंतात फुटलेला सापडतो तो बाहेरचा शॉवर, टॉयलेटची पिचकारी किंवा वॉशिंग मशीनची लाइन, कारण यांची आठवण कोणाला राहत नाही.

कॅम्पग्राउंडवरच्या विजेच्या ५० अँपच्या खांबाला जोडण्याआधी मीटर लावा: प्रत्येक गरम (वीज आणणारी) वायर ते न्यूट्रल १२० व्होल्ट, दोन गरम वायरींमध्ये २४०. न्यूट्रल तुटलेला असेल तर एका बाजूला व्होल्टेज खूप चढतं, दुसरीकडे पडतं, आणि मायक्रोवेव्हपासून टीव्हीपर्यंत सगळं जातं. लिथियम बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करू नका. आपापसात बॅटरी उसनी देताना हे विसरलं जातं.

काय मिळून करायचं नाही

गॅसच्या सांध्यांवर साबणाचं पाणी टाकून गळती शोधणं सगळ्यांना यायला हवं, अमोनिया नसलेल्या साबणाने. पण रेग्युलेटरचं प्रेशर लावणं, नळी कापून जोडणं, गाडी गरम करणाऱ्या भट्टीच्या आत हात घालणं हे परवानाधारक तंत्रज्ञाचं काम. चॅसीला किंवा पिनबॉक्सजवळ भेग दिसली तर गटातला हौशी वेल्डर कितीही उत्सुक असो, फोटो काढा, वहीत तारीख घाला आणि गाडी जोडू नका. वॉरंटीतल्या गाडीचं काही उघडण्याआधीही मालकाने कंपनीला लेखी विचारून घ्यावं. गटाने केलेली दुरुस्ती दाखवून दावा नाकारला जाऊ शकतो.

आणि एक हिशेबाची गोष्ट. सील, ग्रीस, कॉटर पिन ज्याच्या गाडीत लागतील त्याने आणायच्या, हत्यारांची झीज सगळ्यांनी वाटून घ्यायची. टॉर्क रेंच वापरून झाला की स्प्रिंग सैल करून, म्हणजे सर्वात खालच्या आकड्यावर आणून, पेटीत ठेवायचा. तो १०० वर आवळलेला सापडला तर शेवटी कोणी वापरला ते वहीत असतंच.